इंदूच्या वाटेवरचं ऊन

नारायणगावच्या बाजारात भर दुपारी दोन तास काढून मी बायकोला मेसेज केला, "उन्हाचा आकडा शून्य! उगाच घाबरतेस."

तिचं उत्तर लगेच आलं. "तिकडे ग्रहण लागलंय का?"

खरं सांगायचं तर जरा नवल मलाही वाटलं होतं. ऑक्टोबर अखेरचं ऊन, शेजारी टोमॅटोच्या क्रेटांची चळत, पलीकडे हायवेवर गिऱ्हाइकं ओढणारे जीपवाले, आणि माझं टक्कल तापून असं झालेलं की त्यावर पापड भाजून निघाला असता. तरी फोनवर शून्य. पण यंत्र म्हणतंय म्हणजे बरोबरच असणार. मी सत्तावीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माणसांवर विश्वास ठेवायला मला वेळ लागतो, उपकरणांवर लागत नाही.

संध्याकाळी खोडदला दत्तूदादाकडे पोचलो. दत्तूदादा माझा थोरला चुलतभाऊ, टोमॅटोवाला. ओट्यावर चहा घेताना त्याची नजर माझ्या शर्टावर गेली. डाव्या खिशाच्या वर एक काळं, कोटाच्या बटणाएवढं काहीतरी टाचलेलं होतं.

"वसंता, ह्ये काय रं?"

"सेन्सर. कातडीवर किती ऊन पडतं ते मोजतो आणि फोनला कळवतो."

दादाने ते दोन बोटांत धरून उलटं केलं. "आन ही काच आतल्या अंगाला कशी?"

मी मान खाली घालून बघितलं. काच आत, पाठ बाहेर.

"म्हंजे दिसभर तुझ्या छातीवरची केसं मोजीत व्हतं का काय?" दादा म्हणाला. वैनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. आतून बराच वेळ भांडी नीट वाजत नव्हती.

'आधी उपकरण कसं धरायचं ते बघा, मग आकडे लिहा,' असं मी पोरांना सत्तावीस वर्षं ओरडत आलोय. त्यातलं एकही पोर त्या ओट्यावर नव्हतं, एवढंच माझं नशीब.

आता ही खटपट कशासाठी, ते सांगतो.

इंदू, म्हणजे माझी बायको, मूळची आहुप्याची. आंबेगाव तालुक्याचं पार पश्चिमेचं टोक, जिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसता कडा आणि खाली कोकण. चार वर्षांपूर्वी ती माहेरी भाताच्या लावणीला गेली होती. दिवस ढगाळ, म्हणून डोक्यावर काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी गालांवर लाल चट्टे आले, मग सांधे धरले, मग ताप, मग अठरा दिवस दवाखाना. आजाराचं नाव निघालं ल्युपस. यात शरीर स्वतःवरच चालून जातं, आणि ऊन त्याला चिथावतं. ढगांतूनसुद्धा चिथावतं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. तेव्हापासून इंदूने माहेरचं नाव काढलं नाही. उन्हापेक्षा तिला जास्त भीती होती ती पुन्हा सगळ्यांना आपल्या खाटेभोवती बसवायची.

आणि यंदा किसनला, तिच्या धाकट्या भावाला, लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली.

बारशाला नाव ठेवायचं ते आत्याने. बाळाच्या कानात कुर्रर्र करून तिने नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. बारावा दिवस गेला, सव्वा महिना गेला, तिसरा महिना संपत आला. इंदू फोनवर म्हणाली, "अरे, कोणाकडूनही ठेवून घे नाव." किसन म्हणाला, "आक्का, तू येशील तवाच. तवर बिननावाची ऱ्हाईल." बाळाला पुण्याला आणा म्हटलं, तर म्हणे, "पोरीचं नाव तिच्या गावात पडंल." दोघं एकाच आईची लेकरं, माघार कोण घेणार? तिकडे लसीच्या कार्डावर नावाच्या जागी अजून आईच्या नावाने 'अनिताचे बाळ' एवढंच होतं.

डॉक्टरीणबाई जायला नाही म्हणाल्या नाहीत. वेळ सांभाळा, अंग झाका, मलम लावा, म्हणाल्या. मी मागवलेलं हे बटण बघून म्हणाल्या, "हे सूचना देईल, हमी देणार नाही." मग इंदूपुरती दिवसाची वरची रेघ त्यांनीच ठरवून दिली. फोनमध्ये त्या रेघेला शंभर म्हणतात.

इंदू म्हणाली, "आधी आकडे तर येऊ देत." आमच्या घरात हा अर्धा होकार धरतात. मी तो पूर्ण धरायचं ठरवलं. ती जिथे उतरेल, बसेल, उभी राहील, तिथे तिथे आधी आपण जाऊन उभं राहायचं, आणि त्या वाटेवरचं सगळं ऊन मोजून आणायचं.

खोडद

आहुप्याला जाणाऱ्या शहाण्या माणसाने मंचरला वळायचं असतं. मी मंचर मागे टाकून पुढे खोडदला आलो होतो, कारण इंदूला एका दिवसात एवढा प्रवास झेपणार नाही, मध्ये मुक्काम हवा, आणि मुक्कामाला हक्काचं घर आमचं इथेच.

सकाळी दहाला काच बाहेर काढून, डोक्यावर मोठी छत्री धरून मी दादाच्या टोमॅटोत उभा राहिलो. इंदू छत्रीत राहिली तर किती ऊन लागेल, हे बघायचं होतं. लांब शेतांपलीकडे दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. मीही जवळपास तसाच.

अर्ध्या तासात बटण थरथरलं. शंभर! छत्रीत!

"तुझं मशीन खुळं हाय," दादा म्हणाला.

मलाही तेच वाटलं. मग खाली बघितलं. वाफ्यांवर सगळीकडे मल्चिंगचा चंदेरी कागद अंथरलेला. टोमॅटोवरची कीड पळावी म्हणून ही चकाकी. ऊन वरून येऊन छत्रीला चुकवत होतं आणि कागदावरून उसळून थेट माझ्या हनुवटीखाली घुसत होतं.

"दादा, हे खालून येतंय!"

दादा वाकला, कागदाच्या जवळ तळहात नेला, वरखाली करून बघितला. तोवर त्याच्या लेखी मी पुण्याहून आलेली करमणूक होतो. आता त्याचा चेहरा बदलला. "म्हंजे तोडणीच्या बाया टोपी घालून बी भाजत्यातच की रं."

त्यानंतर बटण माझं राहिलं नाही. दादाने ते स्वतःच्या बंडीला लावलं आणि घर मोजायला काढलं. ओट्यावर किती, पडवीत किती, न्हाणीच्या वाटेवर किती. दर पाच मिनिटांनी हाक यायची, "वसंता, बग रं किती झालं!" मी फोन घेऊन मागे मागे. मधल्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीतून काच बंद असतानाही आकडा हलत होता. दादा तडक गोठ्यात गेला, मल्चिंगचा उरलेला तुकडा आणला आणि चंदेरी बाजू बाहेर करून खिडकीला ठोकला.

"दादा, ती यायची तेव्हा ठोक. आत्ता घरात अंधार होतोय."

"आत्ताच ठोकतो. मंग ती यील."

दुपारी वैनींनी मासवडी केली होती. आमच्या पुण्याच्या घरी मासवडी म्हणजे मी एकदा यूट्यूब बघून केली होती तो प्रकार. इंदूने तिला 'बेसनाचा अपघात' म्हटलं होतं. वैनींची मात्र सुरीखाली नीट वडी पडते, आतलं तीळखोबऱ्याचं सारण जागचं हलत नाही, आणि रस्सा असा की कानांतून वाफ यावी. तिसऱ्यांदा वाढताना वैनी म्हणाल्या, "भावजी, इंदूबाईला म्हणावं, तिखट कमी करीन. पण या म्हणावं."

वहीत मी लिहिलं: मधली खोली, खिडकी झाकलेली, तासाच्या मापावरून दिवसभराचे सहा.

डिंभ्याच्या पाण्याकाठी

पहाटे नारायणगाव, मंचर, घोडेगाव असं करत एसटी पकडली. घोडेगावपर्यंत आकडा दोन. मी खुशीत. पुढे डिंभ्याचं पाणी दिसायला लागलं आणि मी दक्षिणेची, म्हणजे डावीकडची खिडकी धरून बसलो होतो हे लक्षात आलं. उन्हाची तिरीप थेट मांडीवर. उजवीकडच्या बाकावर एक बाई कोंबडीची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी विनवलं, "बाई, जरा जागा बदलता का? मला ऊन मोजायचंय. तिकडचं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोजा की. पन कोंबडी हितंच ऱ्हाईल."

त्यामुळे आहुप्यापर्यंतचा उजव्या बाजूचा आकडा मी मांडीवर कोंबडी घेऊन मोजला आहे. डावीच्या निम्म्याहून कमी आला. कोंबडीने पँटवर केलेली नोंद वेगळी.

आहुपे

किसन स्टँडवर उभा होता. उंच, काटकुळा, कायम घाईत असलेला माणूस. आधी त्याने माझ्या मागे बघितलं, एसटीच्या दारात. दारातून कोंबडीवाल्या बाई उतरल्या. मग तो माझ्याकडे वळला. "दाजी, एकलंच?"

"आधी वाट बघायला आलोय. ती नंतर येईल."

"वाट काय बगायची? तीच तर वाट हाय, लहानपनापास्नं."

भात कापायला आलं होतं. वाडीखालची खाचरं पिवळीधमक, बांधांवर नाचणी, आणि मधोमध काळ्याशार ढगासारखी देवराई. त्या राईतली काटकीसुद्धा कोणी तोडत नाही. किसनची बायको अनिता हिने नाचणीची भाकरी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण वाढलं. खेकडा फोडायची माझी पद्धत बघून ती किसनला हळूच म्हणाली, "दाजींना इळा देऊ का?" बाळ तिच्या मांडीवर, डोळे मोठे, रागीट कपाळ थेट इंदूचं.

त्या तिसऱ्या दिवसाची उरलेली दुपार खाचरांच्या बांधावर आणि कापलेल्या, उघड्या खाचरात मोजण्यात गेली. वाईट आकडे. तासाभरातच शंभर.

चौथ्या दिवशी सकाळी अंघोळीला जाताना बटण कोनाड्यात काढून ठेवलं, शर्ट बदलला, आणि किसनबरोबर कड्याकडे गेलो. कड्यावर वारा असा की बोलणं कोकणात जावं. किती झालं बघायला छातीवर हात नेला. बटण नाही.

धावत परत आलो. कोनाडा रिकामा! न्हाणी बघितली, शर्ट झटकला, अंथरूण उलटं केलं. म्हणजे वाटेतच पडलं असणार. आता ते हरवलं तर काय होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. इंदू रागावणार नव्हती. ती शांतपणे म्हणाली असती, "जाऊ दे, नसेल व्हायचं." मग ती वही बंद, आणि ती वाट कायमची बंद. तिच्या त्या 'जाऊ दे'ची मला अठरा दिवसांच्या दवाखान्यापेक्षा जास्त धास्ती होती.

मी खाचराच्या बांधावर हातापायांवर रांगायला लागलो. कापणीच्या बायका थांबल्या.

"पावणं, काय पडलं?"

"मशीन! ऊन मोजायचं मशीन हरवलं!"

"ऊन मोजून पोत्यात भरायचंय व्हय?" एक म्हणाली आणि सगळ्या खाचरात हशा पिकला. पण हसता हसता सगळ्या ओळीने वाकल्या. अनितापण त्यांच्यात. तोवर कापणीला लागलेल्या किसनने हातातला इळा ठेवला. अर्धं खाचर तसंच उभं सोडून सात माणसं पेंढ्यांखाली, बांधावर, वाटेवर मशीन शोधत होती. एकीने ट्रॅक्टरचा जुना नट आणून दिला. "ह्ये का?" मी नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटलं.

ऊन उतरेपर्यंत शोधलं. हाती काही नाही. ओसरीवर येऊन बसलो. किसन म्हणाला, "दाजी, उद्या परत बगू. आक्काला काय बी सांगू नगा." 

एवढ्यात देवराईकडून पारूबाई आल्या. शेजारच्या, सत्तरीच्या, सगळे कापणीला गेले की बाळ त्यांच्याकडे. एका कडेवर बाळ, खांद्यावर झोळीचं लुगडं. त्यांनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि माझ्या खिशातला फोन किणकिणला. उघडून बघतो तर, 'सेन्सर जोडला गेला.'

लुगड्याच्या गाठीला, काळ्या दोऱ्यात ओवून, बटण बांधलेलं होतं.

"पारूबाई! हे कुठे मिळालं?"

"कोनाड्यात व्हतं की. आत्यानं धाडलेली नजर न्हवं ती? पुण्याचा काळा मणी? म्या सकाळीच बांधली झोळीला. चांगली भाईरच्या अंगाला बांधली, कुनाची बी नजर पयली तिच्यावं पडावी म्हून."

अनिता कपाळाला हात लावून खाली बसली. "आवं, म्या बी बगितलं सकाळी! मला वाटलं आक्कांनी धाडलं. लई बरं वाटलं मला. तुमी म्हनला मशीन, म्हून म्या मशीन हुडकीत व्हते."

मी फोनवर दिवसाचा आकडा काढला. चार. शंभरातले फक्त चार.

पुन्हा उलटं लागलं होतं की काय? मी गाठ तपासली. काच बाहेर होती. नजर ज्या बाजूने यायची त्याच बाजूला पारूबाईंनी काच ठेवली होती. सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला जे पहिल्या दिवशी जमलं नाही, ते त्यांना पहिल्याच फटक्यात जमलं होतं.

"दिवसभर कुठे होतं बाळ?"

"राईत. कुटं असनार? समदी लेकरं तितंच निजत्यात. इंदी बी तितंच निजायची. देवाच्या झाडाची फांदी तोडायची न्हाई, पर झोळी बांधली तर द्येव काय म्हनत न्हाई."

मी बटण सोडायला हात पुढे केला, तसा पारूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "आत्याचं बांधलेलं सोडू नगा, पावणं!"

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "परत आणून बांधेल. आत्या स्वतः येऊन बांधेल."

किसनने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. इंदूला न विचारता मी तिच्या वतीने शब्द देऊन बसलो होतो.

एका दिवसाच्या आकड्यावर बायकोला घेऊन यायचं नसतं, एवढं विज्ञान मला येतं. पाचव्या दिवशी बटण माझ्या शर्टाला लावून मी स्वतः राईत जाऊन बसलो. चपला बाहेर. आत पाऊल टाकलं की उजेडाचा रंगच बदलतो. वर पान पानाला चिकटलेलं, खाली ओलसर गारवा, आणि जमिनीवर उन्हाचे मोजून दहा-बारा ठिपके. मी प्रत्येक ठिपक्याची जागा वहीत काढली, दुपारी ते कुठे सरकतात तेही काढलं. पारूबाई म्हणाल्या, "बसलाच हाय तर झोळी हालवा." म्हणून झोळीही हलवली. पाणी न्यायला आलेल्या बायका थबकून बघायच्या. "पावणं पुन्याचं, नोकरी लागली का हितं?" बाळाने दोनदा माझा शर्ट भिजवला; बटण पाण्यात चालतं की नाही हा प्रश्नही त्यात सुटला.

संध्याकाळी राईतला आकडा पाच. घरापासून राईपर्यंतची वाट, सकाळी आठच्या आत छत्रीत: तीन. बारसं राईच्या सावलीत, दुपारचं जेवण तिथेच, ऊन कलल्यावर घरी. परतीचे तीन धरून वहीत सगळं मिळून अकरा आले. मी बेरीज तीनदा केली.

घरी

सहाव्या दिवशी पुण्याला पोचलो. इंदूने आधी माझा चेहरा बघितला. "सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय. स्वतःला मलम लावायचं होतं की नाही?" ते मी पूर्ण विसरलो होतो. बटण मोजत होतं, मी भाजत होतो.

मग तिने फोन हातात घेतला. पडद्यावर दिवसांचे उभे पट्टे. तिने चष्मा लावला.

"पहिला शून्य. तो माहितीये मला, ग्रहणाचा." बोट पुढे सरकलं. "हे दोन उंच, ते खोडदचं शेत आणि खाचर. आणि हा चौथा बुटका? परत उलटं लावलंत ना?"

"तो माझा नाही," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. कोनाडा, सात माणसं, ट्रॅक्टरचा नट, काळा दोरा. आत्याने धाडलं म्हणून अनिताला लई बरं वाटलं, तेही सांगितलं. इंदी बी तितंच निजायची, हे सांगितलं. शेवटी, आवाज जरा खाली आणून, दिलेला शब्दही सांगितला.

तिने फोन खाली ठेवला. वही उघडून उन्हाच्या ठिपक्यांचं चित्र बघत बसली. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे मोठं हिरड्याचं झाड आहे." मी म्हटलं, "आहे." बटणाला अजून काळा दोरा तसाच होता, मी सोडला नव्हता. तो तिने बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला न विचारता शब्द दिलात?"

"हो."

ती उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून प्रवासाची बॅग ओढून खाली पाडली आणि मला म्हणाली, "किसनला फोन लावा. म्हणावं, बायकांना सांगून ठेव, धपाटे जरा हळू घाला. आक्काची पाठ पहिल्यासारखी राहिली नाही."